निळ्यावर सोन्याचा तिरपा पट्टा

आठवीचा ऑफ तास होता. चित्रकलेच्या बाई ऑफ तासाला आल्या की मुलं खूश असतात, काहीतरी काढायला मिळणार हे त्यांना माहीत असतं. त्या दिवशी मी खडूला हात लावायचा नाही असं ठरवूनच वर्गात गेले होते. म्हटलं, वहीचं कोरं पान उघडा आणि एक ढाल काढा, वर सपाट, खाली टोकदार. आता मी एक वाक्य सांगणार आहे. ते ऐकून ढाल पुरी करायची. शेजारच्याच्या वहीत बघायचं नाही.

वाक्य असं: निळी ढाल, तिच्यावर सोन्याचा तिरपा पट्टा.

पेन्सिली चालू झाल्या आणि लगेच थांबल्या. "बाई, तिरपा म्हणजे कुठून कुठे?" "बाई, पट्टा किती सेंटिमीटरचा?" "सोनेरी खडू नाहीये, पिवळा चालेल?" मागच्या बाकावर एक मुलगा बसायचा, तो सहसा बोलत नसे. त्यानं विचारलं, "पण ही ढाल आहे कुणाची?"

मला इतका आनंद झाला की मी तासभर बोलतच राहिले. कुलचिन्हांच्या शास्त्राचे, हेरल्ड्रीचे, जाड ग्रंथ चाळताना मला जे प्रश्न पडले होते तेच हे. आणि मुलांनी ते एक वाक्य ऐकून दोन मिनिटांत विचारले होते.

मी मूळची वसईची. किल्ला घरापासून सायकलवर दहा मिनिटं. वडिलांबरोबर किल्ल्यात गेलं की बालेकिल्ल्याच्या दरवाजावरच्या कोरीव दगडापाशी मी थांबायचे. मोठ्या ढालीत पाच छोट्या ढाली, अधिकच्या खुणेसारख्या मांडलेल्या. वडील म्हणायचे, पोर्तुगीज राजाचा शिक्का आहे तो. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी किल्ला घेतला, राज्य बदललं, शिक्का दगडात राहिला. पाचच का, अधिकच्या खुणेतच का, हे वडिलांना सांगता येत नसे आणि माझ्या डोक्यातून ते जात नसे. पुढे मी चित्रकला शिकवायला लागले. एलिमेंटरी-इंटरमीजिएटच्या परीक्षांसाठी मुलांकडून वर्षानुवर्षं भूमितीच्या आकृत्या घोटवून घेतल्या. खूप उशिरा मला कळलं की त्या दगडावर जे आहे त्याची एक संपूर्ण भाषा आहे, तिला व्याकरण आहे, आणि त्या भाषेत चित्रापेक्षा वाक्य मोठं मानतात.

बाराव्या शतकात पश्चिम युरोपातले घोडेस्वार सरदार ढालींवर ठळक खुणा रंगवू लागले. लढाईत आणि लढाईच्या खेळांत चिलखत घातलेला माणूस ओळखू यायला हवा होता. काहींनी सिंह घेतले, काहींनी गरुड. पण पुष्कळांनी नुसता एक पट्टा घेतला. आडवा, उभा, तिरपा. खूण बापाकडून मुलाकडे जाऊ लागली, मोहरांवर, थडग्यांवर, खिडक्यांच्या काचांवर चढली. या खुणांची नोंद ठेवणारे, स्पर्धांच्या मैदानात नावं पुकारणारे राजाचे दूत म्हणजे हेरल्ड. शेकडो ढाली लक्षात ठेवायच्या, वहीत उतरवायच्या, दुसऱ्या गावच्या हेरल्डला कळवायच्या. प्रत्येक वेळी रंग-कुंचले कुठून आणणार? म्हणून त्यांनी ढाल शब्दांत सांगायची रीत बसवली. तिला ब्लेझन म्हणतात. इंग्लंडच्या दरबारात तेव्हा नॉर्मन वळणाची फ्रेंच चालायची, त्यामुळे ब्लेझनचे शब्द अजूनही त्याच फ्रेंचचे आहेत. मी वर्गात सांगितलेलं वाक्य मुळात एवढंच आहे: "अ‍ॅझ्युअर, अ बेंड ऑर." अ‍ॅझ्युअर म्हणजे निळा. हा शब्द ज्या फारसी शब्दापासून निघाला त्याच शब्दापासून आपल्याकडचा लाजवर्द आला आहे. बेंड म्हणजे तिरपा पट्टा. ऑर म्हणजे सोनं.

वाक्याचा क्रमही बघण्यासारखा आहे. आधी ढालीची जमीन, मग तिच्यावरचा आकार, मग त्या आकाराचा रंग. मराठीत आपण "सोनेरी पट्टा" म्हणतो, विशेषण आधी येतं. ब्लेझनमध्ये पट्टा आधी आणि सोनं नंतर. माझ्या हाताला हा क्रम फार ओळखीचा वाटला. कागदाला पातळ वॉश द्यायचा, वाळला की पेन्सिलीनं रेघ मारायची, मग त्या रेघेच्या आत रंग भरायचा. वाक्य ऐकता ऐकता हात कामाला लागावा अशीच त्याची रचना आहे.

आता तिरपा कुठून कुठे, हा प्रश्न. अर्ध्या वर्गानं डावीकडून उजवीकडे उतरता पट्टा काढला होता, अर्ध्यानं उलटा. मी म्हटलं, वही उचला आणि छातीशी धरा, चित्र माझ्याकडे. आता तुमचा उजवा हात ढालीच्या ज्या बाजूला आहे ती तिची उजवी बाजू. वर्गात एकदम गलका झाला, कारण आपल्याला डावी वाटत होती ती उजवी निघाली. हेरल्ड्रीत बाजू ठरते ढाल धरणाऱ्यावरून, बघणाऱ्यावरून कधीच नाही. उजवीला डेक्स्टर म्हणतात, डावीला सिनिस्टर. नुसतं "बेंड" म्हटलं की तो धरणाऱ्याच्या उजव्या खांद्याकडून खाली डावीकडे उतरतो. उलटा हवा असेल तर "बेंड सिनिस्टर" असं स्पष्ट सांगावं लागतं. मी आयुष्यभर फळ्याकडे तोंड करून "कागदाची डावी बाजू" म्हणत आले. ढालीमागे उभ्या असलेल्या माणसाचा विचार करायला मला या शास्त्रानं लावलं. त्याच्या दृष्टीनं ती ढाल म्हणजे तो स्वतःच आहे, आणि स्वतःच्या उजव्या हाताला कुणी डावा म्हणत नाही.

या डाव्या पट्ट्यावरून इंग्रजीत एक चुकीची समजूत रूढ झाली, की तो अनौरस संततीची खूण आहे. तिला तिथे "बार सिनिस्टर" म्हणतात. पण इंग्रजी ब्लेझनमध्ये बार म्हणजे अरुंद आडवा पट्टा. तो या कडेपासून त्या कडेपर्यंत सरळ जातो. आडव्या पट्टीला डावं-उजवं कुठून असणार? सातवीतल्या मुलालाही हे पटेल. इंग्लंडमध्ये अशा संततीच्या ढालींवर बहुधा वेगळी किनार दिलेली असे, किंवा दोन्ही टोकं कापलेली छोटी तिरपी काठी. पण शब्द एकदा लोकांच्या तोंडी बसला की त्याला कोण उठवणार.

"किती सेंटिमीटरचा" याचं उत्तर देताना मीच अडखळले होते. इंटरमीजिएटच्या भूमितीच्या पेपरात रेघ जराशी हलली तरी गुण कापणारी मी. आणि इथे मापच नाही. पट्टा ढालीच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा घ्यावा, त्यावर काही काढायचं नसेल तर पाचव्या हिश्श्याएवढा, असे आडाखे ग्रंथांत सापडतात. पण ते सल्ले आहेत. ढाल निमुळती काढा नाहीतर चौकोनी, पट्टा जाड काढा नाहीतर बारीक, निळा आकाशाचा घ्या नाहीतर शाईचा. "अ‍ॅझ्युअर, अ बेंड ऑर" हे वाक्य खरं ठरलं की ढाल बरोबर. मात्र पट्टा आडवा झाला की तो बेंड राहत नाही, फेस होतो, आणि ढाल दुसऱ्या घराण्याची होते. दोन पट्टे काढले की तीही दुसऱ्याची. काय ढळू द्यायचं नाही आणि काय मोकळं सोडायचं, हे इतकं स्वच्छ ठरवलेलं मी भूमितीच्या कुठल्याच पुस्तकात वाचलेलं नाही. त्या दिवशी वर्गातल्या पस्तीस वह्यांत पस्तीस वेगवेगळे पट्टे होते. दिशा सुधारून घेतल्यावर मी सगळ्यांना पूर्ण गुण दिले.

पिवळा चालेल का? चालतो. सोनं म्हणजे पिवळा आणि चांदी म्हणजे पांढरा, हे तिथे धरूनच चालतात. या दोघांना धातू म्हणतात. निळा, लाल, काळा, हिरवा, जांभळा हे रंग. नियम असा, की धातूवर धातू ठेवायचा नाही आणि रंगावर रंग ठेवायचा नाही. निळ्यावर सोनं चालतं, पांढऱ्यावर लाल चालतं. निळ्यावर लाल नको, पांढऱ्यावर पिवळं नको. लांबून धुळीतून बघणाऱ्याला आकार दिसला पाहिजे, एवढाच त्यामागचा हेतू. जेरुसलेमच्या ख्रिस्ती राज्याच्या ढालीवर चांदीवर सोन्याचे क्रूस होते. नियम मोडल्याचं उदाहरण म्हणून तीच ढाल पुन्हा पुन्हा सांगतात.

छपाई आली आणि नवी अडचण उभी राहिली. तांब्याच्या पत्र्यावर कोरलेल्या चित्रात रंग कसा दाखवायचा? त्यासाठी रेघांची एक पद्धत बसली. सिल्व्हेस्टर पेत्रा सांक्ता या इटालियन जेझुइट पाद्र्यानं १६३८ मध्ये रोमला छापलेल्या ग्रंथात ती वापरली आणि तीच पुढे सगळीकडे रुळली. आडव्या रेघा म्हणजे निळा. उभ्या रेघा म्हणजे लाल. उभ्या-आडव्या एकमेकींना छेदणाऱ्या म्हणजे काळा. बेंडच्या दिशेनं तिरप्या म्हणजे हिरवा, उलट तिरप्या म्हणजे जांभळा. ठिपके म्हणजे सोनं, कोरी जागा म्हणजे चांदी. पेन्सिल शेडिंग शिकवताना आम्ही हाच रेघांचा सराव घेतो, उभ्या, आडव्या, तिरप्या, जाळीच्या. त्या रेघांना कुणी रंगांचं काम देऊन ठेवलं आहे हे कळल्यावर मी जुन्या नाण्यांचे आणि पुस्तकांत डकवायच्या नावपट्ट्यांचे फोटो भिंग घेऊन बघितले. काळ्या शाईत छापलेली ढाल वाचता येते. आडव्या रेघा दिसल्या, मध्ये ठिपक्यांचा तिरपा पट्टा दिसला, की आपण म्हणतो निळ्यावर सोनं.

राहिला मागच्या बाकावरचा प्रश्न. ही ढाल कुणाची?

यावर खटला झाला आणि तो पाच वर्षं चालला. १३८५ मध्ये इंग्लंडचा राजा दुसरा रिचर्ड स्कॉटलंडवर चालून गेला. त्याच्या सैन्यात यॉर्कशायरकडचे सर रिचर्ड स्क्रोप होते आणि चेशायरचे सर रॉबर्ट ग्रोव्हनर होते. दोघांच्या ढालीवर तेच, निळ्यावर सोन्याचा तिरपा पट्टा. दोघांचं एकमेकांशी काही नातं नव्हतं. स्क्रोपनी हरकत घेतली. सरदारांच्या मानमरातबाचे तंटे सोडवणाऱ्या न्यायालयात प्रकरण गेलं आणि दोन्ही बाजूंनी शेकडो साक्षी झाल्या. कुणी कुठल्या चर्चच्या खिडकीत ती ढाल पाहिली होती, कुणी कुठल्या मोहिमेत.

साक्षीदारांत कवी जेफ्री चॉसरही होता. १३८६ च्या ऑक्टोबरात वेस्टमिन्स्टरला त्याची साक्ष नोंदवली गेली. तरुणपणी फ्रान्सच्या मोहिमेत असताना, शत्रूच्या हाती सापडण्याआधी, त्यानं स्क्रोप घराण्यातल्यांना ही ढाल वापरताना पाहिलं होतं. मग तो एक प्रसंग सांगतो. लंडनच्या फ्रायडे स्ट्रीटवरून जाताना त्याला एका घराबाहेर ही ढाल टांगलेली दिसली. त्यानं विचारलं, स्क्रोपची ढाल लावलेली ही कुठली खाणावळ? उत्तर आलं, ही स्क्रोपची नव्हे, चेशायरच्या सर रॉबर्ट ग्रोव्हनर नावाच्या सरदारानं लावली आहे. हे नाव आपण तेव्हा पहिल्यांदा ऐकलं, असं चॉसरनं न्यायालयात सांगितलं. सहाशे वर्षांपूर्वीची ती गल्ली मला त्याच्या या साध्या बोलण्यात स्पष्ट दिसते. रस्त्यानं जाणारा माणूस मान वर करतो, पट्टा बघतो आणि त्याच्या तोंडून एका घराण्याचं नाव निघतं.

आणखी एक दावेदार होता, कॉर्नवॉलचा कार्मिनो. त्याच्याशी स्क्रोप घराण्याचा वाद आधीच होऊन गेला होता. कार्मिनोचं म्हणणं, ही ढाल आमच्याकडे आर्थर राजाच्या काळापासून आहे. स्क्रोपचं म्हणणं, आमच्याकडे इंग्लंड जिंकणाऱ्या विल्यम राजाच्या काळापासून. दोघांनाही ती वापरू दिली गेली.

ग्रोव्हनरांच्या बाबतीत १३८९ मध्ये निकाल लागला. ढाल स्क्रोपची. ग्रोव्हनरांनी ती वापरावी, पण भोवती चांदीची किनार काढून. ही किनार म्हणजे बॉर्ड्यूर, ढालीच्या कडेकडेनं फिरणारी पट्टी. स्क्रोपना तेही मान्य नव्हतं. प्रकरण राजाकडे गेलं. १३९० मध्ये राजानं दिलेला निर्णय मला हेरल्ड्रीतला सगळ्यात सुंदर भूमितीचा पाठ वाटतो. राजाचं म्हणणं असं, की किनार ही रक्ताच्या नात्यातल्यांनी आपली ढाल वेगळी दाखवायची खूण आहे. चुलत घराणं असतं तर किनार पुरली असती. परक्याला ती पुरणार नाही. म्हणजे कडेची एक पट्टी वाढवली की घराणं तेच राहतं आणि शाखा बदलते. घराणं बदलायचं तर मधला आकारच बदलायला हवा. ग्रोव्हनरांनी तो बदलला. निळी जमीन ठेवली आणि पट्टा काढून त्या जागी सोन्याची गव्हाची पेंढी घेतली. पण घराणं तो पट्टा विसरलं नाही. याच वंशातल्या वेस्टमिन्स्टरच्या पहिल्या ड्यूकनं आपल्या शर्यतीच्या घोड्याचं नाव ठेवलं "बेंड ऑर". १८८० ची डर्बी त्या घोड्यानं जिंकली. निकालाला तेव्हा ४९० वर्षं झाली होती.

मी हे सांगून थांबले तेव्हा मागच्या बाकावरच्या त्या मुलानं आपल्या वहीतल्या पट्ट्याभोवती किनार काढायला घेतली होती.

शब्दांकडे मी नंतर वळले आणि मग त्यांतच गुंतले. या आकारांना भूमितीतली नावं नाहीत. ती सगळी हाताशी असलेल्या वस्तूंवरून आली आहेत. मधला उभा पट्टा पेल, म्हणजे कुंपणाचा खुंट. वरून खाली घुसणारा त्रिकोण पाइल, तो मला पाचरीसारखा दिसतो. शेव्हरॉन म्हणजे फ्रेंचमध्ये छपराचा वासा, दोन वासे टोकाला टेकवले की होतो तो आकार. आपल्या हवालदाराच्या बाहीवर तीन फिती असतात त्या शेव्हरॉनच, फक्त त्यांचं टोक खाली असतं आणि ढालीवर ते वर असतं. चौदा वर्षांच्या मुलांना "शेव्हरॉन" सांगितलं तर लिहून घेतात. "वासे" सांगितलं की लगेच काढतात.

जायरन नावाचा एक त्रिकोण आहे, ढालीच्या मध्यबिंदूपाशी टोक असलेला. तो शब्द कापडाच्या कळीचा आहे. आई मला कळ्यांचा परकर शिवायची, कमरेशी निमुळता आणि खाली घेर. त्या कळीलाच हेरल्डांनी उचलून ढालीवर ठेवलं. स्कॉटलंडच्या कॅम्पबेल घराण्याची ढाल अशा आठ कळ्यांची आहे, सोनेरी आणि काळी आलटून पालटून. परकर जमिनीवर पसरून वरून बघितला तर असाच दिसेल.

रेघा सरळच असल्या पाहिजेत असंही नाही. पट्टयाची कड किल्ल्याच्या तटावरच्या चर्यांसारखी काढता येते, लाटेसारखी, ढगासारखी, करवतीच्या दातांसारखी काढता येते. लहान लहान अर्धगोलांनी आत चावा घेतल्यासारखी एक कड असते, तिला एनग्रेल्ड म्हणतात. त्या शब्दात गार आहे, आकाशातून पडते ती गार. गारांनी कुरतडलेली कड. शेतावर गारपीट झाल्यावर केळीच्या पानाची कड ज्यानं पाहिली आहे त्याला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही.

गोलाची तऱ्हा आणखी वेगळी. इंग्रजी हेरल्ड्रीत बाकीच्या बहुतेक आकारांचा रंग बदलला तरी नाव तेच राहतं. गोलाचा रंग बदलला की नावही बदलतं. सोनेरी गोल बेझंट, बायझंटियमच्या सोन्याच्या नाण्यावरून. पांढरा गोल प्लेट. लाल गोल टॉर्टो, म्हणजे छोटी गोल भाकरी. हिरवा पोम, सफरचंद. निळ्या गोलाला हर्ट म्हणतात आणि त्याचा संबंध एका निळ्या रानफळाशी लावतात. आणि पांढऱ्या-निळ्या लाटेरी पट्ट्यांचा गोल असेल तर तो फाउंटन, झरा. स्टाउर्टन घराण्याच्या काळ्या ढालीवर सोन्याचा तिरपा पट्टा आणि सहा झरे आहेत. त्यांच्या जमिनीतल्या, स्टाउर नदी जिथे उगम पावते तिथल्या सहा झऱ्यांचे हे सहा गोल. पाण्याचं एक थेंबही न काढता पाणी दाखवण्याची ही रीत मला मोहात पाडते.

सगळ्यांत जास्त गोंधळ समभुज चौकोनाचा. तो मला दिवाळीत सुटला. शंकरपाळ्यांची मोठी पोळी लाटली होती. कातण घेऊन आधी एका दिशेनं समांतर रेघा मारल्या, मग दुसऱ्या दिशेनं तिरप्या. समोर पसरली ती जर्मनीतल्या बव्हेरियाची ढाल, जिला लॉझेंजी म्हणतात, सबंध जमीन शंकरपाळ्यांनी भरलेली. बव्हेरियाच्या विटेल्सबाख घराण्याकडे ही पांढरी-निळी नक्षी १२४२ मध्ये बोगेनच्या सरदारांचा वंश संपल्यावर आली. आजही बव्हेरियाच्या तसल्या झेंड्यावर किमान २१ चौकोन असावे लागतात, आणि कडेला कापले गेलेलेही त्यांत धरायचे. माझ्या पोळपाटावरही कडेचे अर्धेमुर्धे तुकडे होते. ते मी नेहमी गोळा करून पुन्हा लाटते. त्या दिवशी मोजून मगच गोळा केले.

मग खेळच सुरू झाला. एक शंकरपाळी म्हणजे लॉझेंज. ती लांब, सडपातळ कापली की फ्यूझिल, म्हणजे सूतकताईची चाती. शंकरपाळीच्या मधून तसाच छोटा चौकोन काढून टाकला की उरते ती मॅस्कल. त्या शब्दाचं नातं जाळ्याच्या आसाशी जोडतात, आणि वसईच्या कोळीवाड्यात वाळत घातलेली जाळी बघत वाढलेल्या मला ते लगेच पटलं. मध्ये गोल भोक पाडलं तर रस्टर. भोक पाडायला पेनाचं टोपण वापरलं. चारही तळल्या, चौघींची चव एकच.

या लॉझेंजची दुसरी गोष्ट मला बोचते. इंग्लंडच्या जुन्या रीतीत ढाल हे लढणाऱ्याचं साधन, म्हणून बाईनं ढाल वापरायची नाही. अविवाहित मुलीनं आपल्या वडिलांचं चिन्ह लॉझेंजवर काढायचं, विधवेचं चिन्हही लॉझेंजवरच. लग्न झालेलीचं चिन्ह नवऱ्याच्या ढालीत, उभ्या मध्यरेषेच्या डाव्या अर्ध्यात. उजवा अर्धा नवऱ्याचा. त्यामागच्या सामाजिक अर्थाबद्दल बोलता येईल, पण मला आधी चित्रकलेच्या बाईचं दुःख होतं. चिन्हं ढालीच्या आकारासाठी घडली आहेत. ढाल वर रुंद असते, म्हणून वरच्या भागातला आडवा पट्टा, चीफ, तिथे ऐसपैस बसतो. तीन वस्तू असतील तर दोन वर, एक खाली, हा क्रम ढालीला जन्मतः शोभतो. लॉझेंजला वर टोक. चीफ तिथे आक्रसून त्रिकोण होतो. वरच्या दोन वस्तू दाटीवाटीनं उभ्या राहतात. त्याच वडिलांच्या मुलाला ऐसपैस जागा आणि मुलीला कोपरा. वर्गात एखाद्या मुलीला मी अर्धाच कागद दिला असता तर तिच्या आईनं मला विचारलं नसतं का?

कॅनडात १९८८ मध्ये स्वतंत्र हेरल्ड्रीची संस्था उभी राहिली आणि तिथे बायकांना ढाल घेता येते. ते वाचून बरं वाटलं. कॅनडानं एक नवा आकारही दिला आहे. माझी भाची टोरांटोला असते. तिच्या नागरिकत्वाच्या समारंभाचा फोटो आला, मागे झेंडा. मी फोनवर म्हटलं, मधली पांढरी पट्टी मोज बरं. ती म्हणाली, मावशी, लाल पट्ट्यांच्या दुप्पट आहे. नेहमीचा पेल जागेचा तिसरा हिस्सा घेतो. १९६५ मध्ये स्वीकारलेल्या या झेंड्यात मॅपलच्या पानाला जागा हवी म्हणून मधला पट्टा झेंड्याच्या निम्म्या रुंदीचा केला, आणि लंडनच्या कॉलेज ऑफ आर्म्स या हेरल्डांच्या संस्थेतल्या कॉनरॅड स्वान यांनी त्याला "कॅनेडियन पेल" असं नाव दिलं. आठशे वर्षं जुन्या भाषेत एका झेंड्यामुळे एका शब्दाची भर पडली.

गेल्या मे महिन्यात नातीला घेऊन वसईच्या किल्ल्यात गेले. ती नऊ वर्षांची आहे. बालेकिल्ल्याच्या दरवाजासमोर तिला दगडाकडे पाठ करून एका पडक्या भिंतीच्या कठड्यावर बसवलं, मांडीवर चित्रकलेची वही दिली. मी तिच्यासमोर, दगड मला दिसतोय, तिला नाही. आणि पोर्तुगालची ढाल मी मराठीत सांगायला लागले.

चांदीची ढाल. तिच्यावर पाच छोट्या निळ्या ढाली, अधिकच्या खुणेत. "सगळ्या उभ्या?" तिनं विचारलं. तिचा प्रश्न रास्त होता. आधी दोन्ही बाजूंच्या ढाली आडव्या, मध्याकडे टोक करून असायच्या, १४८५ मध्ये दुसऱ्या जुआंव राजानं त्या उभ्या केल्या. एवढं सगळं मी तिला सांगितलं नाही. म्हटलं, हो, सगळ्या उभ्या. प्रत्येक छोट्या ढालीवर पाच पांढरे गोल. "कसे मांडू?" फाशावर पाच असतात तसे, चार कोपऱ्यांत चार आणि मध्ये एक. ते गोलही आधी जास्त असायचे, पाच नंतर ठरले. पाच ढाली म्हणजे ख्रिस्ताच्या पाच जखमा असं तिकडची परंपरा मानते. आता भोवती लाल किनार. किनारीत सोन्याचे सात किल्ले.

"किल्ले कसे काढू?"

तुझ्या मनासारखे, मी म्हटलं. ती बराच वेळ किनारीत किल्ले काढत बसली. सातातला एक वसईच्या बुरुजासारखा निघाला, कारण तो तिला समोर दिसत होता. मग तिनं वही घेऊन पाठीमागे वळून पाहिलं. पावसापाण्यानं झिजलेला दगड, कडेच्या खुणा बोथट, गोल कुठे आहेत कुठे नाहीत. ती दगडाकडे बघायची, वहीकडे बघायची, पुन्हा दगडाकडे.

"आजी," ती म्हणाली, "त्यांचं पुसलंय. माझं बघ, पाचही आहेत."